पुनर्जन्माचे रूपक आणि ग्लासगोची कादंबरी

शहरांविषयीच्या लेखनात गेल्या चार दशकांत ‘पुनर्जन्म’ हा शब्द इतका रुळला आहे, की ते एक रूपक आहे याचेच आपल्याला विस्मरण झाले आहे. गोद्या ओस पडलेली, जहाजबांधणीचे कारखाने बंद झालेली युरोपातील बंदरे एकामागून एक ‘पुन्हा जन्मली’ असे सांगितले जाते. ग्लासगो, लिव्हरपूल, बिल्बाओ, जेनोआ, मार्सेय या सर्वांची कथा एकाच साच्यात सांगता येते: आधी वैभव, मग मरण, मग संस्कृतीच्या स्पर्शाने नवे जीवन. कथेला साचा असतो तेव्हा तिचा निवेदकही असतो. हा निवेदक कोण, आणि मरणाचा दाखला कोणी दिला, हे प्रश्न समाजशास्त्राचे आहेत तसेच कथनमीमांसेचेही आहेत.

या रूपकाकडे मराठी वाचकाने किंचित संशयाने पाहावे, याला एक कारण आहे. आपल्या परंपरेत पुनर्जन्माच्या कल्पनेला दोन अंगे आहेत. नव्याने जन्म घेणाऱ्याला पूर्वजन्माचे स्मरण राहत नाही. पूर्वकर्माचा हिशेब मात्र त्याला चुकत नाही. शहरांच्या बाबतीत हा शब्द वापरला जातो तेव्हा नेमके याच्या उलट अभिप्रेत असते. पूर्वजन्माचे स्मरण, निवडून घेतलेले का होईना, जतन केले जाते, दिव्यांनी उजळले जाते, त्याला तिकीट लावले जाते. आणि हिशेब तेवढा मिटवला जातो. प्रस्तुत लेखात ग्लासगो या एकाच शहराच्या संदर्भात या उलटापालटीचा विचार करावयाचा आहे. ग्लासगो निवडण्याचे कारण असे, की हे रूपक शहराच्या प्रशासनाने हाती घेतले त्याच काळात तिथल्या कादंबरीनेही ते हाती घेतले होते. कादंबरीने ते आतून उसवून दाखवले, आणि हे काम तिने घोषणांनी नव्हे, रचनेने आणि निवेदनाच्या भाषेने केले.

प्रथम शहराविषयी. क्लाइड ही मुळात उथळ नदी. ती खणून, खोल करून ग्लासगोने स्वतःला बंदर बनवले. अठराव्या शतकात अमेरिकेतील तंबाखूच्या आणि पुढे कॅरिबियन साखरेच्या व्यापाराने, एकोणिसाव्या शतकात लोखंड, आगगाडीची इंजिने आणि जहाजे यांनी या शहराला वैभव दिले. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील नव्या जहाजांपैकी सुमारे पाचवा हिस्सा या एका नदीकाठी बांधला जात असे. लोकसंख्या दहा लाखांच्या पुढे गेली, आणि शतकाच्या अखेरीस सहा लाखांच्या आसपास उतरली. १९७१ मध्ये ‘अपर क्लाइड शिपबिल्डर्स’ दिवाळखोरीत निघाली तेव्हा कामगारांनी संप केला नाही. त्यांनी कारखान्यात काम चालूच ठेवले. मृत म्हणून जाहीर झालेल्या गोष्टीने श्वास घेत राहावे, असा हा प्रकार होता, आणि १९७२ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. गोव्हनमध्ये आजही युद्धनौका बांधल्या जातात. मरण पूर्ण नव्हते. पण पुनर्जन्माच्या कथेला ते पूर्ण असावे लागते.

१९८३ मध्ये शहराच्या लॉर्ड प्रोव्होस्टने, म्हणजे महापौराने, एक प्रचारमोहीम सुरू केली. तिच्या घोषवाक्यात ‘माइल्स’ आणि ‘स्माइल्स’ असा श्लेष होता आणि बोधचिन्ह म्हणून बालवाङ्मयातील पिवळा, गोलमटोल, हसरा ‘मिस्टर हॅपी’ घेतला होता. १९८५ मध्ये बुजवलेल्या क्वीन्स डॉकवर प्रदर्शन-केंद्र उभे राहिले. १९८८ मध्ये पलीकडच्या काठावरील प्रिन्सेस डॉकच्या जागेवर उद्यान-महोत्सव भरला. त्याच वर्षी ट्रामगाड्यांच्या जुन्या आगारात, जे मधल्या काळात वाहतुकीचे संग्रहालय झाले होते, पीटर ब्रुकच्या ‘महाभारता’चे प्रयोग झाले, आणि ती जागा पुढे ‘ट्रॅमवे’ या नावाने नाट्यगृह म्हणून कायम झाली. नव्या शहराच्या शुभारंभाला कुलक्षयाची आणि कधीही न फिटणाऱ्या देण्याघेण्याची कथा निवडली जावी, हा योगायोग असला तरी बोलका आहे. शेवटी १९९० मध्ये अथेन्स, फ्लॉरेन्स, अॅम्स्टरडॅम, बर्लिन आणि पॅरिस यांच्यानंतर ‘युरोपीय संस्कृतिनगरी’ हा मान ग्लासगोला मिळाला. या मानाचे नाव ‘राजधानी’ असे झाले ते १९९९ मध्ये. (आपण पुण्याला कोणाच्याही ठरावाशिवाय सांस्कृतिक राजधानी म्हणत आलो आहोत, ते म्हणणारे बहुधा पुण्याचेच असतात, हा भाग वेगळा.)

नाव देणे ही इथे मध्यवर्ती क्रिया आहे. शहराच्या मध्यभागातील जुन्या गोदामांच्या भागाला ऐंशीच्या दशकात ‘मर्चंट सिटी’, व्यापाऱ्यांचे नगर, असे नाव मिळाले. तिथल्या रस्त्यांना ग्लासफर्ड, बुकॅनन, इन्ग्रम अशी तंबाखूच्या व्यापाऱ्यांची नावे पूर्वीपासूनच होती. या नावाला उत्तर म्हणून काही लेखक-कार्यकर्त्यांनी आपल्या गटाला ‘वर्कर्स सिटी’ हे नाव दिले. फार्कर मॅक्ले यांनी संपादित केलेले या गटाचे पुस्तक १९८८ मध्ये आले, दुसरे १९९० मध्ये. जेम्स केल्मन या गटाचा ठळक आवाज होता. ग्लासगो ग्रीन या सार्वजनिक मैदानाचा काही भाग खासगी विकासकांच्या हाती देण्याच्या प्रस्तावाला या गटाने विरोध केला. शहराचा इतिहास सांगण्यासाठी रेल्वे स्थानकाखालच्या कमानींत ‘ग्लासगोज ग्लासगो’ हे खर्चिक प्रदर्शन भरले आणि तोट्यात गेले. श्रमिकांच्या जीवनाच्या वस्तू वर्षानुवर्षे जमवणाऱ्या ‘पीपल्स पॅलेस’ या संग्रहालयाच्या प्रमुख एल्स्पेथ किंग यांना मात्र सामाजिक इतिहास विभागाचे नवे पद नाकारले गेले, आणि त्यावरून शहरात मोठा वाद झाला. या वादाचे तपशील इथे महत्त्वाचे नाहीत. पुढे येणाऱ्या दोन कादंबऱ्यांशी या संग्रहालयाचा जवळचा संबंध आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

‘वर्कर्स सिटी’च्या भूमिकेत एक उणीव होती हेही नोंदवले पाहिजे. व्यापाऱ्यांच्या नगराला कामगारांचे नगर हे उत्तर देताना ‘खरे शहर’ नावाची एकजिनसी वस्तू गृहीत धरली जाते, आणि तो कामगार बहुतेक वेळा पुरुष व गोरा असतो. पोलॉकशील्ड्समधील दक्षिण आशियाई दुकानदार त्या खऱ्या शहरात कुठे बसतो, याचे उत्तर त्या वादातून मिळत नाही. प्रतिवादाने मूळ वादाचीच चौकट उसनी घेतली होती. साहित्यकृतींनी ती चौकट घेतली नाही, आणि म्हणूनच त्या वादापेक्षा अधिक टिकल्या.

त्या वर्षांतील दोन दृश्यकृतींची तुलना करून पुढे जाणे सोयीचे होईल. १९९० मध्ये गोव्हनमधील हार्लंड अँड वुल्फच्या रिकाम्या शेडमध्ये बिल ब्रायडनचे ‘द शिप’ हे नाटक झाले. प्रेक्षक बांधल्या जाणाऱ्या जहाजाच्या सांगाड्यातच बसत, आणि शेवटी त्या जहाजाचे जलावतरण होई. ब्रायडन ग्रीनॉकसारख्या जहाजबांधणीच्या गावात जन्मलेला. त्याच्या आस्थेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्या शेडमधून जहाज बाहेर पडणे थांबले होते, तिथून ते रोज संध्याकाळी बाहेर पडू लागले आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा जागेवर आले, ही गोष्ट नाट्यसंहितेपेक्षा प्रबळ ठरते. श्रमाची जागा श्रमाच्या देखाव्याने घेतली, आणि तो देखावा जितका हुबेहूब तितके ते स्थलांतर पूर्ण. याच्या तीन वर्षे आधी, १९८७ मध्ये, शिल्पकार जॉर्ज वायली याने फिनिस्टन येथील प्रचंड क्रेनला गवताचे एक आगगाडीचे इंजिन टांगले होते. स्प्रिंगबर्नच्या कारखान्यांत बनलेली इंजिने याच क्रेनने जहाजांवर चढवली जात. त्यांतली कितीतरी हिंदुस्थानच्या रेल्वेसाठी असत. वायलीचे इंजिन पुढे स्प्रिंगबर्नला नेऊन जाळण्यात आले. गवत जळून गेल्यावर आतल्या सांगाड्यात धातूचे एक प्रश्नचिन्ह दिसले. ब्रायडनचे जहाज भरपाई देते. वायलीच्या इंजिनात भरपाई नाही. तिथे वस्तू दुसऱ्यांदा नाहीशी होते आणि प्रश्न उरतो. माझ्या मते महोत्सवाच्या काळातील अधिक सच्ची कृती हीच, आणि ती महोत्सवाच्या आधीची आहे हेही लक्षणीय आहे.

अॅलस्डर ग्रे (१९३४–२०१९) याची ‘लॅनार्क’ ही कादंबरी १९८१ मध्ये, म्हणजे हसऱ्या बोधचिन्हाच्या दोन वर्षे आधी, प्रसिद्ध झाली. तिच्या चार भागांचा क्रम तिसरा, पहिला, दुसरा आणि चौथा असा आहे. प्रस्तावना तिसऱ्या भागानंतर येते, आणि उपसंहार कादंबरी संपण्याच्या चार प्रकरणे आधी. या क्रमभंगाकडे उत्तर-आधुनिक क्रीडा म्हणून पाहण्याची प्रथा पडून गेली आहे. ते अगदीच खोटे नाही; पण त्यामुळे या रचनेचा आशय हरवतो. पहिल्या व दुसऱ्या भागात डंकन थॉ या ग्लासगोतील चित्रकार तरुणाचे चरित्र आहे, आणि ते त्याच्या समुद्रात बुडण्याने संपते. तिसऱ्या व चौथ्या भागात अनथँक नावाच्या सूर्यप्रकाशहीन नगरात आलेला एक माणूस आहे. तो आगगाडीने येतो. स्वतःचे नाव त्याला आठवत नाही. डब्यातल्या एका चित्राखालचा शब्द तो नाव म्हणून उचलतो. त्याच्या खिशात शिंपले आणि खडे असतात. म्हणजे थॉ मेला आणि लॅनार्क म्हणून पुन्हा जन्मला. पण वाचकाला भेटतो तो आधी पुनर्जात माणूस, आणि मृताची कथा नंतर कळते.

या क्रमाचे महत्त्व काय? सरळ क्रमाने सांगितली असती तर ही वैभव-मरण-नवजीवन अशी चढती कथा झाली असती. निदान तसे वाचण्याची सोय राहिली असती. उलट क्रमामुळे वाचक लॅनार्कच्या विस्मृतीत स्वतः सामील होतो. शिंपल्यांचा अर्थ त्याला लागत नाही. तो नंतर लागतो तेव्हा नवे नगर नवे राहत नाही. त्यातील प्रत्येक व्यवहार जुन्या नगरातल्या व्यवहाराची थकबाकी म्हणून दिसू लागतो. अनथँकमधील माणसांच्या अंगावर भावना कोंडल्या गेल्याने खवले उगवतात, आणि जमिनीखालच्या ‘संस्थे’त बरे न होणारे रोगी उष्णता व अन्न म्हणून वापरले जातात. शहराने माणसांना इंधन म्हणून वापरणे ही गोष्ट थॉच्या ग्लासगोत वास्तव होती; अनथँकमध्ये ती केवळ शब्दशः झाली आहे. चौथ्या भागात लॅनार्क अनथँकचा लॉर्ड प्रोव्होस्ट होतो आणि नगर वाचवण्यासाठी एका मोठ्या परिषदेला जातो. तिथले सौदे त्याच्या बोलण्याआधीच ठरून गेलेले असतात. हे १९८१ मध्ये छापले गेले आहे, एवढेच पुन्हा सांगतो.

या कादंबरीतील एक प्रसंग वारंवार उद्धृत होतो: उंचावरून शहराकडे पाहताना थॉ आपल्या मित्राला सांगतो, की ज्या शहराचा कलावंताने कधी उपयोग केलेला नाही, त्या शहरात तिथले रहिवासीसुद्धा कल्पनेने राहत नाहीत. या विधानाचा वापर पुढे शहराच्या पुनर्जन्माचा जाहीरनामा म्हणून होऊ लागला, जणू कादंबरीने उणीव सांगितली आणि महोत्सवाने ती भरून काढली. परंतु हे पात्राचे विधान आहे, आणि तेही एका अहंमन्य तरुणाचे. एडविन मॉर्गनच्या ग्लासगोविषयक सुनीतांनी १९७२ मध्येच त्याला अंशतः खोटे पाडले होते, आणि ग्रे स्वतः १९७७ मध्ये ‘पीपल्स पॅलेस’साठी शहरातील माणसे व रस्ते चितारण्याचे काम करत होता. थॉला कल्पनेतले शहर हवे आहे, ग्रेला हिशेबातले. या दोहोंतील अंतर म्हणजेच त्या कादंबरीची रचना.

इंग्रजीत ‘कॅपिटल’ या एका शब्दात राजधानी आणि भांडवल दोन्ही बसतात. ग्रेने १९९० च्या ‘समथिंग लेदर’मधील एका प्रकरणाला ‘कल्चर कॅपिटॅलिझम’ असे शीर्षक दिले, तेव्हा अधिकृत नाव अजून ‘राजधानी’ झालेही नव्हते. मराठीत हा श्लेष साधत नाही. त्यामुळे आपल्याकडे ‘सांस्कृतिक राजधानी’ हा शब्द अधिक निरागस वाटतो. भांडवल कुठून आले, हा प्रश्न त्या शब्दातून आपोआप उठत नाही.

जेम्स केल्मन (जन्म १९४६) याची वाट वेगळी आहे. त्याच्या कादंबऱ्यांत रूपककथा नाही, अद्भुत नाही, फारसे कथानकही नाही. १९८४ च्या ‘द बसकंडक्टर हाइन्स’मधला हाइन्स, कंडक्टर हा पेशाच नाहीसा होत असताना, बसवर तिकिटे देतो. केल्मनने स्वतः बसवर काम केले होते. पण या अनुभवाच्या सच्चेपणावर भर देणे ही समीक्षेची पळवाट आहे. केल्मनचे खरे काम निवेदनाच्या पातळीवर आहे. ब्रिटिश कादंबरीत श्रमिक पात्र दीर्घकाळ अवतरणचिन्हांच्या आत बोलत आले. चिन्हांच्या बाहेर प्रमाण इंग्रजीतला निवेदक असे; तो पात्राला समजून घेई, त्याची कीव करी, प्रसंगी त्याच्यावर प्रेमही करी, पण त्याच्या भाषेत कधी विचार करीत नसे. केल्मनने अवतरणचिन्हेच काढून टाकली. संवाद, चिंतन आणि निवेदन एकाच ग्लासगोई लयीत वाहू लागले. पात्राला बोली आणि निवेदकाला भाषा ही विभागणी राहिली नाही. टॉम लेनर्डने (१९४४–२०१८) १९६९ च्या ‘सिक्स ग्लासगो पोएम्स’पासून उच्चारानुसारी लेखनातून हाच प्रश्न कवितेत उभा केला होता, आणि १९९० या नेमक्या महोत्सवी वर्षात त्याने रेन्फ्रू परगण्यातील विस्मृत श्रमिक कवींचा संग्रह प्रसिद्ध केला. संस्कृती बाहेरून आणावी लागते, या समजुतीला याहून थेट उत्तर त्या वर्षात मिळाले नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) वऱ्हाडी जगते ते संवादांत, निवेदन प्रमाण मराठीचेच राहते, आणि त्या थोर कादंबरीच्या आतही ती सीमारेषा जाणवते. भाऊ पाध्ये यांनी ‘वासूनाका’मध्ये (१९६५) पोक्यालाच निवेदक केले आणि सीमारेषा पुसली, त्यावर जो गहजब झाला तो अश्लीलतेविषयीचा म्हणून इतिहासात नोंदला गेला आहे, पण निवेदकाची खुर्ची कोणी बळकावली, हा त्यातला अनुच्चारित भाग असावा. ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना लागली, ती शब्दांचे अर्थ विचारत पांढरपेशा वाचकाला त्या वस्तीत हाताला धरून नेते. ती प्रस्तावना प्रामाणिक आहे. तरीही कवितेच्या दाराशी वाटाड्या उभा आहेच. केल्मनने वाटाड्या नाकारला. त्याची किंमत त्याला मोजावी लागली.

‘हाउ लेट इट वॉज, हाउ लेट’ला १९९४ चे बुकर पारितोषिक मिळाले तेव्हा परीक्षकांपैकी एकीने निर्णयाचा जाहीर निषेध केला; एका स्तंभलेखकाने त्याला वाङ्मयीन विध्वंस ठरवले; काहींनी शिव्यांची मोजदाद केली. या गदारोळात कादंबरीच्या मध्यवर्ती कल्पनेकडे पुरेसे लक्ष गेले नाही. सॅमी हा तुरुंगातून सुटलेला माणूस पोलिसांच्या मारहाणीनंतर जागा होतो आणि त्याच्या ध्यानात येते की आपल्याला दिसत नाही. पुढची सगळी कादंबरी आंधळ्याने चाचपडलेले ग्लासगो आहे: भिंती, पायऱ्या, रहदारीचा आवाज, पाऊस, पदपथाची कड, पांढरा रंग दिलेली घरगुती काठी. शिवाय कचेऱ्या, जिथे आपण आंधळे आहोत हे त्याला सिद्ध करावे लागते आणि त्याच्या अंधत्वाला कारकुनी भाषेत निराळेच नाव मिळते.

ही निवड १९९० नंतरची आहे. दशकभर हे शहर पाहण्याची वस्तू बनवले जात होते. काजळी धुऊन काढलेले दगड, रोषणाई, नदीकाठ, प्रदर्शने, हसरा चेहरा, हे सर्व नजरेसाठी होते. केल्मनने आपल्या नायकाचे डोळे काढून घेतले आणि त्याबरोबर वाचकाचेही; कारण निवेदक सॅमीहून अधिक काही पाहू शकत नाही. प्रमाणभाषी निवेदक असता तर त्याने आपल्याला रस्ता दाखवला असता. निवेदनाची भाषा आणि दृष्टीचा अभाव या दोन गोष्टी इथे परस्परांत गुंतलेल्या आहेत, आणि त्यामुळेच ही कादंबरी ‘वर्कर्स सिटी’च्या पत्रकांच्या पलीकडे जाते. तिच्यात ‘खरे शहर’ दाखवलेलेच नाही. दाखवणेच तिने नाकारले आहे. केल्मनचे जग पुरुषी आहे, सॅमीची मैत्रीण हेलन कादंबरीभर अनुपस्थित राहते, हा आक्षेप मला मान्य आहे; पण ती अनुपस्थिती सॅमीच्या हिशेबातली एक मोठी रक्कम आहे आणि निवेदन ती लपवत नाही.

हिशेबाचा विषय निघाला आहे तर दोन नोंदी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ मध्ये दिलेल्या अहवालात ग्लासगोच्या कॅल्टन भागातील पुरुषांचे अपेक्षित आयुर्मान ५४ वर्षे दिले होते; त्याच तक्त्यात भारतीय पुरुषांचे ६२ होते. संस्कृतिनगरी होऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती. दुसरी नोंद २०२२ ची. शहराने इतिहासकार स्टीफन मलन यांच्याकडून गुलामगिरीशी असलेल्या संबंधांची तपासणी करून घेतली, तिच्या शीर्षकात ‘ऑडिट’ हाच शब्द आहे, आणि त्यानंतर नगरपरिषदेच्या प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली. विल्यम कनिंगहॅम या तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या वाड्यात १९९६ पासून आधुनिक कलेचे संग्रहालय आहे. ‘मर्चंट सिटी’ हे नाव अजून चालू आहे.

आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाचे जे झाले त्याच्याशी हे सारे जुळवून पाहण्याचा मोह होतो. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात जपलेली आहे. गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. स्मरण ठेवून हिशेब मिटवण्याची रीत तीच आहे. पण साम्य इथेच थांबवावे. मुंबईने संस्कृतीच्या नावाने पुनर्जन्म जाहीर केला नाही. तिने जमिनीचा भाव सांगितला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मधले (१९९७) धुरी कुटुंब मरणानंतरच्या नव्हे, मरणाच्या आणि जगण्याच्या मधल्या अवस्थेत आहे, आणि शीर्षक ते नेमके सांगते.

ग्रेने १९९२ मध्ये ‘पुअर थिंग्ज’ लिहिली तेव्हा पुनर्जन्माचे रूपक त्याने उघड हाती घेतले. क्लाइड नदीत बुडून मेलेल्या गरोदर स्त्रीचा देह गॉडविन बॅक्स्टर हा शल्यविशारद मिळवतो, तिच्याच गर्भातील बालकाचा मेंदू तिच्या डोक्यात बसवतो, आणि बेला बॅक्स्टर जन्माला येते: पूर्वस्मृती नसलेली, उत्सुक, देखणी, सर्वांना हवीशी. नदीतून काढलेले प्रेत आणि त्यातून निर्माण झालेली चैतन्यमय तरुणी यांत शहराकडे केलेला निर्देश चुकवणे कठीण आहे. ही कथा तिचा नवरा आर्चिबाल्ड मॅकॅन्डलेस सांगतो. त्याचे हस्तलिखित, संपादक म्हणून वावरणारा ग्रे आपल्याला सांगतो, की सत्तरच्या दशकात शहराचा मध्यभाग पाडला जात असताना एका बंद पडलेल्या वकिली कचेरीच्या कचऱ्यात ‘पीपल्स पॅलेस’च्या माणसाला सापडले. पुनर्जन्माची कथाच पुनर्विकासाच्या ढिगाऱ्यातून निघाली आहे.

परंतु पुस्तकाच्या शेवटी त्या स्त्रीचे पत्र आहे. त्यात डॉक्टर व्हिक्टोरिया मॅकॅन्डलेस शांतपणे सांगते, की यातले काहीच घडले नाही. ती कधी बुडाली नाही, कधी पुन्हा जन्मली नाही. क्रूर नवऱ्याला सोडून ती बॅक्स्टरच्या आश्रयाला आली, शिकली, डॉक्टर झाली. तिला भूतकाळ होता आणि तो तिला पूर्ण आठवतो. नवऱ्याने जुन्या भयकथांचे तुकडे जोडून तिच्या कष्टांची अद्भुतकथा केली. संपादक ग्रे मात्र तिच्यावर विश्वास ठेवत नाही. तो पत्राला मागे ढकलतो आणि टिपांचा ढीग रचून मॅकॅन्डलेसची बाजू घेतो. संपादकाचे हे पात्र म्हणजे कादंबरीतील सर्वांत तिखट विनोद आहे. पुनर्जन्माची कथा इतकी मोहक आहे, की जिच्याविषयी ती सांगितली जाते तिने स्वतः नाकारली तरी ऐकणारा सोडत नाही.

२०२० मध्ये डग्लस स्टुअर्टच्या ‘शगी बेन’ला बुकर मिळाले. दारूच्या आहारी गेलेली आई आणि तिचा मुलगा यांची ही कथा १९८१ ते १९९२ या काळातील ग्लासगोत घडते, पण तिच्या भागांवरील साले १९८९ वरून एकदम १९९२ वर जातात. महोत्सवाचे वर्ष त्या आई-मुलाच्या कालगणनेत पडत नाही. ही गाळणूक मला अर्थपूर्ण वाटते. मात्र निवेदन पुन्हा बहुतांशी प्रमाण इंग्रजीत आले आहे आणि ग्लासगोची बोली पुन्हा अवतरणचिन्हांच्या आत गेली आहे. केल्मनचे ऋण स्टुअर्टने मोकळेपणाने मान्य केले आहे. तरी केल्मनने मोडलेली भिंत त्याच्या कादंबरीत दुरुस्त झालेली दिसते, आणि १९९४ च्या तुलनेत या वेळी कोणी फारशी तक्रार केली नाही.

‘पुअर थिंग्ज’वरचा यॉर्गोस लान्थिमोसचा चित्रपट २०२३ मध्ये आला. त्याची दृश्यश्रीमंती आणि एमा स्टोनचा अभिनय यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. चित्रपटात बेला लंडनमध्ये जन्मते. क्लाइड नाही, ग्लासगो नाही. बॅक्स्टरच्या बोलण्यातला स्कॉटिश हेल तेवढा उरला आहे. वकिली कचेरीचा कचरा नाही, टिपा नाहीत, भांडखोर संपादक नाही. आणि व्हिक्टोरियाचे पत्रही नाही.